शून्य वाचांक

बिपना रोकाया शाळेत येऊ लागली त्याला सात महिने झाले होते आणि तिचा वाचांक अजून शून्य होता.

वेळसुऱ्याच्या प्राथमिक शाळेत पहिली ते पाचवी मिळून एकतीस मुलं होती. प्रत्येकाच्या गणवेशावर, खिशाच्या जरा वर, रुपयाएवढा निळा बिल्ला लावलेला असे. मूल किती शब्द बोललं, वाक्यं केवढी होती, चुका किती झाल्या, मधे परक्या भाषेतले शब्द किती आले, हे तो बिल्ला दिवसभर ऐकत राही. शाळा सुटली की त्याचा एक आकडा तयार होई. तो बाईंच्या फोनवर येई आणि त्याच क्षणी जिल्ह्याच्या भाषा समितीकडेही जाई. या आकड्याचं नाव वाचांक.

बाहेरून आलेल्या मजुरांची मुलं शाळेत मागे पडू नयेत म्हणून चार वर्षांपूर्वी ही योजना निघाली होती आणि हेतूत काही खोट नव्हती. जानेवारीअखेर ज्याचा वाचांक तिसाच्या खाली, ते मूल न्यूनभाषी. त्याने जूनपासून एक वर्ष भाषानिवासात राहायचं. तिथे उठल्यापासून झोपेपर्यंत फक्त मराठी. घरी फोन महिन्यातून एकदा, तोही मराठीत.

शाळेतल्या स्वप्नाली शिवलकरबाईंची नोकरी सोळा वर्षांची होती. बिल्ला आला तेव्हा त्यांनी तो सगळ्यांत आधी आपल्या शाळेत लावून घेतला होता. 'पूर्णभाषी शाळा' असा पितळी फलक मिळवणारी त्यांची शाळा तालुक्यात पहिली. पुढच्या वर्षी त्या मुख्याध्यापक होणार हे जवळजवळ ठरलेलं होतं.

अठरा जानेवारीला केंद्रप्रमुख घाणेकरांचा फोन आला. आसपासच्या बारा शाळांवर त्यांची देखरेख असे.

"बाई, तुमच्याकडचं एकच नाव अडलंय. वर्गशिक्षिकेची सही आणि पालकांचा अंगठा. दोन्ही असल्याशिवाय यादी पुढे सरकत नाही."

"उद्या वर बागेत जाऊन येते, सर."

"या जाऊन. सहा वर्षांची आहे ना? ह्या वयात मूल म्हणजे टीपकागद. नुसतं मराठीत ठेवलं की आपोआप टिपतं. घरातली भाषा मधे लुडबुडते म्हणून अडतं सगळं."

स्वप्नालीबाई हो म्हणाल्या. टीपकागदाचं हे वाक्य त्यांनी स्वतः पालकसभेत कितीदा तरी म्हटलं होतं.

*

बाग गावाच्या वर, कातळाच्या सड्यावर, उघड्या पठारावर होती. आंब्याची चारशे कलमं, आणि त्यांची राखण करणारी नेपाळची तीन कुटुंबं. बिपनाचा बाप हर्कबहादूर आणि आई धना तीन वर्षांपूर्वी सुर्खेतकडून इथे आले होते. बाई पोचल्या तेव्हा कलमांना मोहोर धरला होता आणि धना खालचा वाळका पाला ओढत होती. खोपीच्या पायरीवर तिची मोठी मुलगी सिर्जना अभ्यास करत बसली होती.

सिर्जना बाईंच्याच शाळेत पाचवीत होती. ती आठ वर्षांची असताना इथे आली आणि वर्गात आठ महिने तिने तोंड उघडलं नाही. तेव्हा बाईंनीच तिच्या कागदावर सही केली होती. भाषानिवासातून ती वर्षभराने परतली तेव्हा तिचा वाचांक ब्याऐंशी होता. फलक मिळाला तो त्या आकड्यामुळे.

"सिर्जना, आईला सांग, बिपनाच्या कागदावर अंगठा हवाय."

सिर्जनाने वहीतून मान वर केली. "तुम्हीच सांगा बाई. ह्यांना थोडं मराठी कळतं."

बाईंना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "ह्यांना म्हणजे?"

"ह्यांना," सिर्जना म्हणाली आणि तिने पेनने आईकडे दाखवलं.

धना जवळ आली. तिने मुलीला नेपाळीत काहीतरी विचारलं. मोठं वाक्य नव्हतं, दोन-चार शब्दच.

"मला नाही समजत," सिर्जना स्वच्छ मराठीत म्हणाली आणि तिने पान उलटलं.

धनाने हात पदराला पुसले. कागद घेतला, पण अंगठा केला नाही.

"बाई, सिर्जना बोलते. खूप बोलते. पण माझ्याशी बोलते जसं दुकानात बोलतात. पाहिजे, नको, किती. वर्ष झालं, मला आमा, आई, नाही बोलली." तिचं मराठी शब्द शोधत शोधत येत होतं. "तुम्ही सांगितलं होतं, घरात नेपाळी बंद. मी सिर्जनाशी बंद केलं. माझ्याकडे दुसरी भाषा नव्हती. तर मीच बंद झाली."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"बिपना शाळेत गप्प आहे, मला माहिती आहे," धना म्हणाली. "पण घरी माझ्याशी नेपाळी बोलते. माझी एकच आहे आता बोलणारी. तिला नाही देणार."

बाईंनी कागद परत घेतला आणि चौघडी करून पर्समध्ये ठेवला. उतारावर येईपर्यंत त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. ही बाई आपल्याला रागावून बोलली असती तर सोपं गेलं असतं, एवढंच त्या स्वतःशी म्हणत राहिल्या.

*

दुसऱ्या दिवशी पहिलीच्या वर्गात बाई फळ्यावर चित्रं काढून वाक्यं सांगत होत्या. डोकं ठिकाणावर नव्हतं. "आजीने पाटा घेतला, आजीने चटणी वाटली, आजीने भाकरीवर चप्पल वाढली," असं काहीतरी त्यांच्या तोंडून निघून गेलं.

वर्ग खदखदून हसला. पण सगळ्यांच्या आधी, अर्धा क्षण आधी, कोपऱ्यातून एक बारीक हसू फुटलं होतं. बिपनाने लगेच तोंडावर हात दाबला. बिल्ल्याने अर्थातच त्या हसण्याची नोंद केली नाही. हसणं हा शब्द नव्हे.

बाई खडू हातात धरून उभ्या राहिल्या. दुसऱ्यांचं बघून हसली असती तर मागून हसली असती.

मधल्या सुट्टीत त्यांनी फरीदा परकारला फोन लावला. दोघी कॉलेजात एका बाकावर बसायच्या. फरीदा आता जिल्ह्याच्या गावी मेंदू-विज्ञानाची प्रयोगशाळा चालवत होती.

"फरीदा, जे मूल बोलतच नाही, त्याला भाषा कळते की नाही हे बघता येतं?"

"येतं की. निदान चाळीस वर्षं येतंय," फरीदा म्हणाली. "फक्त कोणी विचारत नाही."

रविवारी बाई तिच्याकडे गेल्या आणि फरीदाने समजावून सांगितलं. आपण वाक्य ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत बसत नाही, पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज बांधत जातो. आईने ताटात वाढला... की मेंदू भाताची वाट बघतो. भाताऐवजी दगड आला, तर साधारण चार दशांश सेकंदात मेंदूतल्या विजेची एक लहर खाली झुकते. माणूस ठरवून ती आणू शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. पण वाक्याचा अर्थच लागत नसेल, तर भात काय आणि दगड काय, दोन्ही सारखेच. लहर येत नाही. पूर्वी हे मोजायला डोक्याला चिकट मलम लावून तारांचं जाळं बसवावं लागे. आता विणलेली टोपी पुरत होती.

"म्हणजे तिचं तोंड बंद असलं तरी चालेल," बाई म्हणाल्या.

"तोंडाचा संबंधच नाही. आणि ऐक, नवी भाषा कानावर पडायला लागली की कितीतरी मुलं काही महिने गप्प राहतात. हे मी नवीन सांगत नाहीये. ती ऐकत असतात, जुळवत असतात. तुमचा बिल्ला तोंड मोजतो. शेतात बी पेरून रोज कणसं मोजल्यासारखं आहे ते."

*

धना आणि हर्कबहादूर दोघांची लेखी परवानगी घेऊन बाई बिपनाला घेऊन गेल्या. धनाही सोबत होती. बिपनाने टोपी घातली, आरशात बघितलं आणि खुर्चीवर चढून बसली. खोलीतल्या ध्वनिवर्धकातून ऐंशी वाक्यं ऐकवली गेली. यंत्राचा आवाज, शुद्ध, स्पष्ट, एका लयीत.

लहर आली नाही. भाताला जशी रेघ, तशीच दगडाला.

फरीदाने दोनदा तपासलं. "माफ कर, स्वप्नाली. हे दाखवण्यासारखं नाही."

धनाला शब्द कळले नाहीत, पण तोंडं कळली. तिने बिपनाच्या डोक्यावरची टोपी स्वतःच्या हाताने काढली.

बाई घरी परतल्या, पण ते हसू काही डोक्यातून जाईना. त्यांनी प्रयोगाचं चित्रण मागवून घेतलं आणि दोन दिवस शाळा सुटल्यावर बघितलं. यादी पक्की व्हायला सहा दिवस उरले होते. तिसऱ्यांदा बघताना त्यांच्या लक्षात आलं. वाक्य सुरू झालं की बिपना दाराकडे बघत होती. मग खिडकीकडे. मग आईकडे. वाक्य संपलं तरी तिचे डोळे फिरतच होते.

"फरीदा, ती बोलणारं माणूस शोधतेय," बाईंनी फोनवर सांगितलं. "माझ्या वर्गात मी बोलते, मुलं बोलतात. तिने मराठी माणसांकडून ऐकलंय. तुझ्या त्या यंत्रासारखं आमच्याकडे कोणी बोलत नाही."

"माझीच चूक," फरीदा म्हणाली. "हे मला सुचायला हवं होतं. तान्ह्या मुलांवर प्रयोग झालेत. समोर बसून एखादी बाई परक्या भाषेत खेळवते तेव्हा ती भाषा मुलांच्या कानात बसते. तीच बाई, तेच शब्द पडद्यावरून आले तर काहीच राहत नाही. नुसता कानावर मारा करून भाषा येत नाही, माणूस लागतं. पुन्हा या तुम्ही. ह्या वेळी वाक्यं तू म्हणायची."

धनाला पुन्हा तयार करायला बाईंना दोनदा सड्यावर जावं लागलं. दुसऱ्या वेळी धना एवढंच म्हणाली, "ह्या वेळी मी पण बोलणार."

बाईंनी ते फरीदाला सांगितलं आणि त्यातूनच तिला पुढची कल्पना सुचली. धनाने प्रयोगाच्या आदल्या दिवशी घरी बिपनाला मध शोधायला निघालेल्या अस्वलाची गोष्ट नेपाळीत सांगितली. दुसऱ्या दिवशी बाई बिपनाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसल्या आणि त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात वाक्यं म्हटली. काही रोजच्या वापरातली. काही त्या अस्वलाच्या गोष्टीतली. काही बिपनाने कधीच न ऐकलेल्या गोष्टीतली. प्रत्येक गटात निम्मी सरळ, निम्मी बिघडवलेली.

पडद्यावर रेघ चालली होती. "आईने ताटात दगड वाढला," बाई म्हणाल्या आणि रेघ खाली झुकली.

फरीदाने बोट दाखवलं. धना उठून पडद्याजवळ आली. तिला वाटलं असावं, मुलगी आत कुठेतरी बोलते आहे. तसं म्हणायलाही हरकत नव्हती.

संध्याकाळी आकडेमोड झाली. रोजच्या वाक्यांवर लहर स्पष्ट होती. न ऐकलेल्या गोष्टीवर अगदी पुसट. आणि अस्वलाच्या गोष्टीवर सगळ्यांत खोल.

"ती गोष्ट तिला मराठीत कोणीच सांगितली नव्हती," फरीदा म्हणाली. "आईने नेपाळीत सांगितली, म्हणून तिला मराठीत कळली. अस्वल काय करतंय हे आधीच माहीत होतं, तिला फक्त नवे शब्द जोडायचे होते. गोष्टही नवी आणि शब्दही नवे, तर पोर सुरुवात कुठून करणार?" मग ती सावधपणे म्हणाली, "हे एका मुलीवरचं निरीक्षण आहे, हे लिहून ठेव. जगाचा नियम ह्यावरून करू नको. पण जे पूर्वीपासून माहीत आहे, त्याच्याशी हे जुळतं."

बाईंना मात्र दुसरंच दिसत होतं. सिर्जनाच्या घरातली नेपाळी आपण बंद केली, तेव्हा आपण तिच्या मराठीचीच वाट अडवली होती. ब्याऐंशी हा आकडा तिने त्या अडथळ्यावरून उड्या मारत गाठला होता आणि त्यात तिची आई मागे राहिली होती.

*

एकतीस जानेवारीला घाणेकर स्वतः शाळेत आले.

"सही झाली?"

"नाही करणार, सर."

घाणेकर खुर्चीवर बसले. ते वाईट माणूस नव्हते. मजुरांच्या वस्त्यांवर उन्हातान्हात फिरून त्यांनी शंभरावर मुलं शाळेत आणली होती.

"बाई, तुमच्या त्या टोपीचा कागद मी वाचला. नियमात टोपी नाही. नियमात वाचांक आहे."

"मग नियमात वर्गशिक्षिकेची सहीसुद्धा आहे. ती का ठेवली असेल? मुलीला रोज बघणारं कोणीतरी विचारात घ्यावं म्हणूनच ना? मी रोज बघते. तिला मराठी कळतं. ती बोलेल तेव्हा बोलेल."

"आणि नाही बोलली तर? तिचं वर्ष जाईल. जबाबदारी कोणाची?"

"माझी. लिहून देते."

"फलक जाईल. तुमचं मुख्याध्यापकपदही." त्यांनी चष्मा काढला. "मुलांच्या भल्याचंच करतोय आपण. दोन भाषांत गोंधळतात ती. अर्धं हे, अर्धं ते."

"मला पण तसंच वाटायचं, सर. सिर्जनाच्या कागदावर मी डोळे मिटून सही केली. तुम्ही एकदा वर जाऊन त्या घरात अर्धा तास बसून या. मग मला सांगा, भलं कुठे झालं ते."

घाणेकर वर बागेत गेले नाहीत. पण त्यांनी प्रकरण तसंच दाबूनही टाकलं नाही. त्यांनी ते भाषा समितीपुढे सुनावणीसाठी ठेवलं. यादी तेवढ्यापुरती थांबली.

*

सुनावणी फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात होती. समितीत पाच जण, आणि अध्यक्ष म्हणून निवृत्त प्राचार्य मालती केळुसकर. बिपनाला समोर उभं केलं. एका सदस्यांनी प्रेमानेच विचारलं, "बाळ, नाव काय तुझं?"

बिपना आपल्या चपलांकडे बघत राहिली. दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिचा ओठ थरथरायला लागला, तेव्हा बाई पुढे झाल्या.

"तिला बाहेर खेळू द्या. माझी विनंती वेगळी आहे. समितीतल्या किंवा कार्यालयातल्या एका माणसाने इथेच अर्धा तास पहिलीतल्या मुलासारखं बसावं. बिल्ला लावून आणि टोपी घालून. शिकवतील धनाताई, नेपाळीत."

कोणीतरी हसलं. केळुसकरबाई हसल्या नाहीत. "कोण बसतंय?"

कोणीच पुढे येईना. शेवटी घाणेकर उठले. "मी बसतो. होऊन जाऊ दे."

फरीदाने टोपी चढवली. बिल्ला नेपाळी भाषेवर लावला. धनाने टोपलीतून कैऱ्या काढल्या, एक दगड, सुताची दोरी, पाण्याचा तांब्या. सुरुवातीला ती अडखळत होती. पण सिर्जना लहान असताना ती जे करत असे, तेच ती इथे करत होती, आणि हळूहळू तिला समोरची खोली दिसेनाशी झाली. आँप, ती म्हणाली आणि कैरी घाणेकरांच्या हातात ठेवली. पानी. ढुंगा, दगड उचलून. डोरी. बाँदर म्हणताना तिने माकडासारखा गाल फुगवला. बाँदर आँप खान्छ. म पानी पिउँछु, ती तांब्या तोंडाला लावून म्हणाली. पुन्हा पुन्हा, हातवारे करत, हसत. अधूनमधून ती घाणेकरांकडे बघून थांबे, त्यांनी बोलावं म्हणून. घाणेकर मान हलवत, कैरी या हातातून त्या हातात घेत, पण बोलत नसत.

शेवटची दहा मिनिटं फरीदाच्या सांगण्यावरून धनाने वाक्यं म्हटली, काही सरळ आणि काही बिघडवलेली. "बाँदर डोरी खान्छ." "म ढुंगा पिउँछु."

बिल्ल्याचा आकडा आधी आला. बोललेले शब्द, शून्य. वाचांक, शून्य. शेरा, न्यूनभाषी.

मग फरीदाने रेघ दाखवली. दगड पिताना आणि दोरी खाताना घाणेकरांच्या मेंदूतली लहर खाली झुकली होती. मोठी नव्हती, पण होती.

"तुम्हाला कळत होतं," केळुसकरबाई म्हणाल्या. "मग गप्प का बसलात, घाणेकर?"

घाणेकरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पानी म्हणावंसं वाटलं होतं एकदा. आपल्यासारखाच आहे शब्द." ते थांबले. "पण चुकलं तर सगळे हसतील असं वाटलं."

केळुसकरबाईंनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि दुपारच्या जेवणाची सुट्टी जाहीर केली.

निकाल लागला तो अर्धा होता. ज्या मुलांची घरची भाषा वेगळी आहे, त्यांना या जिल्ह्यात पहिली दोन वर्षं बिल्ला लावायचा नाही, आणि पालकांना घरची भाषा बंद करायला कोणी सांगायचं नाही. भाषानिवास मात्र चालू राहिले, त्यांचा फेरविचार राज्यपातळीवर व्हायचा होता. बिपनाचं नाव यादीतून निघालं. वेळसुऱ्याच्या शाळेवरचा फलकही निघाला, कारण नियमाप्रमाणे तिथे आता एक न बोलणारं मूल होतं. मुख्याध्यापकपदावर शेजारच्या गावचे शिक्षक आले. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. त्यांनी नव्या मुख्याध्यापकांना चाव्या दिल्या, कपाटं दाखवली आणि त्या वर्गावर गेल्या.

*

बिपना बोलली ती ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुसरीच्या वर्गात. कोणी विचारलं नव्हतं. ती बाईंच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "बाई, माझी पेन्सिल भाँचियो."

बिल्ला असता तर त्याने परका शब्द म्हणून चूक धरली असती. बाईंना दिसलं ते असं, की पोरीला वाक्य पुरं करायचं होतं, एक शब्द कमी पडला, तो तिने दुसऱ्या घरातून उचलून आणला.

"मोडली होय? आण इकडे, टोक काढून देते."

"मोडली," बिपना म्हणाली आणि पेन्सिल पुढे केली.

फरीदाला कळवल्यावर ती फोनवर बराच वेळ हसत होती. बाई मात्र त्या दिवशी सड्यावर गेल्या नाहीत. तिथे जाण्याचा त्यांचा वार बुधवार होता. मार्चपासून दर बुधवारी शाळा सुटली की त्या धनाकडे नेपाळी शिकायला जात. पहिल्या दिवशी त्यांनी धनासमोर बसून सांगितलं होतं, "सिर्जनाच्या बाबतीत मी चुकले. मला माहीत नव्हतं, पण मी विचारलंही नाही." धनाने चहा टाकला होता आणि कपाकडे बोट दाखवून पहिला शब्द सांगितला होता.

बाई झपाट्याने शिकल्या. मोठी माणसं नव्या भाषेत सुरुवातीला मुलांपेक्षा पुढेच धावतात, हे फरीदाने त्यांना सांगितलं होतं आणि त्यांचा विश्वास बसला नव्हता. तीन महिन्यांत त्या वाक्यं करू लागल्या. पण त्यांची वाक्यं मराठीच्या वळणाने जात, आणि धना भिडेपोटी त्यांना सुधारत नसे. सिर्जना त्या वेळी पायरीवर पाठ करून बसलेली असे. ती कधी मान वळवत नसे.

सप्टेंबरातला एक बुधवार. पाऊस उघडला होता, धना शेंगा सोलत होती. बाईंना नवं वाक्य करून बघायचं होतं. सिर्जना धनाची मुलगी आहे असं सांगायला ठाऊक असलेले शब्द जुळवून त्या म्हणाल्या, "सिर्जना धनाकी छोरी छ."

धनाने मान डोलावली, बरोबर आहे अशी.

"छ नाही," पायरीवरून आवाज आला.

दोघींनी तिकडे बघितलं. सिर्जनाची पाठ तशीच होती. "छ म्हणजे असते. घरात असते, बागेत असते, तेव्हा छ. कोण आहे ते सांगायचं तर हो. मराठीत दोन्हीला आहे म्हणतात म्हणून तुमचं चुकतं."

"मला नाही कळलं," बाई म्हणाल्या. हे अगदी खरं होतं. "पूर्ण म्हणून दाखव."

धनाच्या हातातली शेंग तशीच अर्धवट सोललेली होती.

"सिर्जना धनाकी छोरी हो," सिर्जना म्हणाली.

बाईंनी ते वाक्य म्हणून बघितलं. ह्या वेळी उच्चार चुकला. सिर्जनाने पुन्हा सांगितलं. बाईंचं पुन्हा चुकलं. मग सिर्जना वळली, आणि बाईंकडे नाही तर आईकडे बघून, चिडल्या आवाजात म्हणाली, "आमा, बाईलाई आउँदैन."

बाईंना येत नाही, असा त्याचा अर्थ. तेवढं बाईंना समजलं.

धनाने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं, पायरीवर हात फिरवून ओल पुसली, आणि आवाज जमेल तितका नेहमीसारखा ठेवून म्हणाली, "सिकाइदे न."

शिकव की, मग. सिर्जनाने वही मिटली आणि ती बाईंच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली.